दोन तपकिरी बरण्या

रविवारी सकाळी ताईने मुरंब्याचं कपाट उघडलं आणि आत घातलेला हात तसाच मागे घेतला. कपाट कोणीतरी आवरलं होतं.

कोणीतरी म्हणजे जावईबापूंनीच. दुसऱ्या कोणाची छाती झाली नसती. हा मनुष्य अन्न निरीक्षक. आठवडाभर हॉटेलांच्या भटारखान्यांत वाकून वाकून बघायचा आणि सुट्टीच्या दिवशी हात शिवशिवतात म्हणून सासुरवाडीचं कपाट तपासायचा. रिकाम्या बरण्या त्याने धुऊन, पुसून उंचीप्रमाणे लावल्या होत्या, शाळेच्या प्रार्थनेला मुलं लावतात तशा. आणि भरलेल्या दोन बरण्या, ज्या वर्षानुवर्षं एक भिंतीशी आणि एक दाराशी अशा होत्या, त्या शेजारी शेजारी उभ्या केल्या होत्या.

ताईने दोन्ही उचलून खिडकीशी धरल्या. एकीत संत्रं आणि अंजीर होतं. दुसरीत संत्रं आणि सफरचंद. पण मुरंबा जुना झाला की रंग सोडतो. आता दोन्हींत सारखाच दाट तपकिरी काळोख होता. तिने वजन करून पाहिलं, हलवून पाहिलं, झाकणाला कान लावला. काही उपयोग झाला नाही.

बरणीवर चिठ्ठी लावायची नाही हा आईचा नियम. "ज्याचं भांडण त्याला माहीत असतं, चिठ्ठी कशाला?" असं ती म्हणायची. या घरातली पद्धतच तशी होती. दोघांचं वाजलं की आई त्याच संध्याकाळी दोघांची फळं एकत्र शिजवायची. थोरला दादा म्हणजे संत्रं, कारण साल जाड. धाकटा म्हणजे अंजीर, वरून गप्प आणि आत नुसती कचकच. ताई सफरचंद, आणि दादाची बायको, वहिनी, लग्न होऊन आली तेव्हा तिला नाशपाती मिळाली, ती का हे तिने अजून विचारलेलं नाही. मुरंबा कपाटात जायचा. राग उतरला की दोघांनी बरणी मिळून उघडायची, एकाच वेळी पहिला चमचा घ्यायचा, की भांडण संपलं. बहुतेक बरण्या आठवडाभरही टिकत नसत. न उघडता बरणी फेकली तर मात्र नातंच फेकलं, असं आई सांगून गेली होती, आणि गेलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही.

आता कपाटच जायचं होतं. दादाची मुलगी चिमणी, म्हणजे जावईबापूंची बायको, बाळंतपणाला घरी आली होती आणि कपाटाच्या जागी पाळणा यायचा होता. महिनाभर घरात समेटांची नुसती घाई उडाली. एवढे जुने रुसवे मिटले की सगळ्यांची वजनं वाढली. शेवटी उरली ती दादा आणि धाकट्याची बरणी. अकरा वर्षांपूर्वीची. आज दुपारी कपाट नेणारे येणार होते; त्याआधी ती दोघांनी खायची, नाहीतर ती कचऱ्यात आणि हे दोघे भाऊ एकमेकांना कायमचे परके. ताईने धाकट्याला सात वेळा निरोप धाडून आज यायला तयार केलं होतं.

ही झाली सगळ्यांना ठाऊक असलेली बरणी. दुसरीबद्दल ताईने कोणालाही ताकास तूर लागू दिली नव्हती. ती काल रात्रीच लपवायची असं तिने ठरवलं होतं आणि नेमकी झोप लागली.

बाहेर वहिनीची चाहूल लागली. ताईने डोळे मिटून एक बरणी निवडली, ती ओट्यावर ठेवली, आणि दुसरी पदराखाली घेऊन आपल्या खोलीत गेली. पलंगाखाली ट्रम्पेटची जुनी पेटी होती. ट्रम्पेट केव्हाच बँडला परत गेलं होतं. पेटी मागायला कोणी आलं नाही. आत लाल मखमलीच्या खळग्यात फक्त तिचा स्वतःचा माउथपीस होता. बरणी ट्रम्पेटच्या जागी बसेना, तेव्हा तिने ती गुडघ्याने दाबून पेटी बंद केली.

"आई," ती पुटपुटली, "बरोबर ती लपली असू दे गं."

*

जावईबापूंनी जेवणाच्या टेबलावर पांढरं कापड अंथरलं होतं. त्यावर भिंग, थर्मामीटर, हातमोजे आणि बरणी.

लग्नाला दोन वर्षं होऊनही त्याला या घरात फळ मिळालं नव्हतं. फळ मिळायला आधी कोणाशी तरी भांडण व्हावं लागतं, आणि जावयाशी कोणी भांडेना. चहात साखर कमी म्हणून त्याने एकदा मुद्दाम तोंड वाकडं केलं, तर सासूने दुसरा कप आणून दिला आणि वर सॉरी म्हटलं. त्यामुळे निदान आज तरी आपली गरज लागते आहे याचा त्याला मनापासून आनंद होता.

"घरचा मुरंबा," तो भाषणाच्या सुरात म्हणाला, "नीट उकळलेल्या बरणीत, हवाबंद, अंधाऱ्या कोरड्या कपाटात ठेवला तर वर्षभर उत्तम. दोन वर्षं चालवून घेऊ. पुढे रंग जातो, चव जाते. अकरा वर्षं म्हणजे... आमच्या खात्यात याला शब्दच नाही."

"आमच्याकडे आहे," वहिनी म्हणाली. "हट्ट."

टेबलाच्या एका टोकाला दादा बसला होता, दातांचा डॉक्टर, पांढऱ्याशुभ्र शर्टात. दुसऱ्या टोकाला धाकटा, कुलूपवाला, खिशातून किल्ल्यांचा जुडगा डोकावतोय. दोघे एकमेकांकडे बघत नव्हते. मधे ताई.

"ताई," दादा म्हणाला, "त्याला सांग, वेळेवर आल्याबद्दल बरं वाटलं."

"ताई, त्याला सांग, मी वेळेवरच येतो. अडकून पडायची सवय दुसऱ्यांना आहे."

"ऐकलं का ताई? आल्या आल्या सुरू!"

अडकून पडण्याची गोष्ट अशी, की अकरा वर्षांपूर्वी धाकट्याने दादाच्या दवाखान्याला नवं कुलूप बसवलं. त्याच दुपारी दादा क्षणभर बाहेर आला तेव्हा ते आतून बसलं आणि तो दाराबाहेर अडकून पडला. खुर्चीत गावातले बडे न्यायाधीश होते आणि त्यांच्या तोंडात दातांच्या मापाचा साचा नुकताच भरला होता. साच्याचं मिश्रण घट्ट व्हायला थोडाच वेळ लागतो. धाकटा यायला बराच लागला. न्यायाधीश काहीच बोलू शकत नव्हते, पण डोळ्यांनी त्यांनी पूर्ण शिक्षा सुनावली. धाकटा आला तेव्हा रस्त्यात गर्दी जमली होती आणि दादा तिच्यासमोर ओरडला, "याचं कुलूप नि याचा शब्द, दोन्हींचा भरवसा नाही!" नुसतं कुलपाबद्दल बोलला असता तर धाकट्याने सोसलं असतं.

"एक शंका आहे," जावईबापू भिंगातून झाकण बघत म्हणाला. "काल मी कपाट लावलं तेव्हा भरलेल्या बरण्या दोन होत्या."

ताईचा हात पदराशी गेला. "एकच होती. दुसरी रिकामी असेल."

"आत्या, मी अन्न निरीक्षक आहे. भरलेली बरणी रिकामी समजेन का?"

"तुम्हाला सांगितलं कोणी होतं माझं कपाट लावायला?" ताई एकदम कडाडली. "परीटघडी करून ठेवलीत सगळ्याची! चाळीस वर्षं मी डोळे मिटून हात घातला की हवी ती बरणी हातात यायची. उठसूट लुडबुड, उठसूट लुडबुड!"

चिमणीने नवऱ्याकडे घाबरून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू उजेड पडत होता.

"हे... हे भांडण झालं का?" त्याने विचारलं. "आत्या, म्हणजे मला आता फळ...?"

"लिंबू!" ताई म्हणाली. "लिंबू तुमचं. गप्प बसा आता."

"लिंबू," तो चिमणीच्या कानात म्हणाला, आणि दुसऱ्या बरणीचा विषय त्याच्या डोक्यातून पार गेला.

त्याने झाकणावर बोटाने टिचकी मारली. टणक आवाज आला. मधोमध दाबून पाहिलं, झाकण हललं नाही. फुगवटा नाही, गळती नाही, काचेला आतून बुरशी नाही. त्याने हातमोजे काढले आणि काहीशा नाखुशीने जाहीर केलं, "हिला काहीही झालेलं नाही. शास्त्राला धरून नाही, पण नाही झालेलं."

*

झाकण उघडेना.

आधी वहिनीने प्रयत्न केला, मग जावईबापूने फडकं लावून केला. शेवटी सगळ्यांची नजर धाकट्याकडे वळली. हे त्याला आवडलं नाही. अकरा वर्षांनी या घरात पाऊल टाकावं आणि पहिलंच काम काहीतरी उघडण्याचं निघावं, हा त्याला डाव वाटला. बँकेच्या तिजोऱ्या त्याने उघडल्या होत्या. एकदा तर सर्कशीतला माणूस साखळ्यांत अडकला होता, त्यालाही सोडवलं होतं. त्याने बरणी हातात घेतली, बाही वर केली आणि फिरवली. मान लाल झाली. बरणी जशीच्या तशी.

समोरून कोणी हसलं नाही, पण कोणीतरी हसू गिळलं एवढं त्याला नक्की ऐकू आलं.

"ताई, त्याला सांग, हसायचं तर मोठ्याने हस म्हणावं."

"ताई, त्याला सांग, मी हसलो नाही. घट्ट बसलेली गोष्ट अशी खेचत नाहीत म्हणावं. आधी कडेने सैल करतात." दादाने खिशातून आपलं एक बारीक पोलादी हत्यार काढलं. दाढ काढण्याआधी हिरडीत सारायचं ते. रविवारीसुद्धा ते त्याच्या खिशात असे. "एकाने बरणी पक्की धरायला हवी, म्हणावं."

धाकट्याने धरली. दादा जवळ आला. इतका जवळ, की धाकट्याला लवंगेच्या तेलाचा वास आला, दादाचा नेहमीचा वास, आणि लहानपणी दाढ दुखायची तेव्हा रात्रभर गालावर हात ठेवून बसलेला दादा त्याला आठवला. त्याला ते आठवायचं नव्हतं. त्याने बरणी छातीशी आवळली. दादाने झाकणाखालून हत्यार फिरवलं, थोडं इकडून, थोडं तिकडून, जिभेने च्च च्च करत.

"आता आ करायचं, थोडं दुखेल," दादा सवयीने बरणीला म्हणाला.

पुक्क!

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चिमणीचे तर डोळे भरून आले, पण हल्ली तिचे जाहिराती बघतानाही भरत. बरणीतून जुन्या साखरेचा जड, गोड वास आला. ताईने दोघांच्या हातात एकेक चमचा दिला. देण्याआधी तिने ते तीनतीनदा पुसले आणि सगळ्यांना वाटलं, कौतुकाने.

"एकदम," ती म्हणाली. "आई म्हणायची तसं. एकदम."

दोघांनी चमचे तोंडात घातले.

धाकट्याला ती चव लागली आणि तो क्षणभर लहान झाला. मग त्याने पुन्हा चावून पाहिलं. कपाळावर आठी आली. समोर दादाचीही जीभ गालात इकडून तिकडे फिरत होती. वरच्या दाढा, खालच्या दाढा, मागचा कोपरा. पूर्ण तपासणी.

"अंजिराचे दाणे दातांच्या फटीत बसतात," दादा सावकाश म्हणाला. "काढता काढता पेशंट रडकुंडीला येतात. माझ्या तोंडात एकही दाणा नाही."

"यात मी नाहीच," धाकटा म्हणाला.

"हे सफरचंद आहे."

संत्रं आणि सफरचंद. या घरातल्या पोरासोरालाही त्याचा अर्थ कळला असता. दादा आणि ताई. सगळ्या माना ताईकडे वळल्या. तिने खुर्ची ओढली आणि बसली.

*

"पण तुमचं नि यांचं कधी भांडण झालं?" वहिनीने विचारलं. "ताई, तुम्ही तर आयुष्यभर यांचीच बाजू घेतलीत. माझ्याविरुद्धसुद्धा!"

दादाने चमचा पांढऱ्या कापडावर ठेवला, मग उचलून बशीत ठेवला.

"भांडण नाही झालं," ताई म्हणाली. "मी एकटीनेच केलं. दादाला सांगितलं नाही."

"एकटीने भांडण?" जावईबापूने विचारलं.

"लिंबू, गप्प," चिमणी म्हणाली.

ताईने वरच्या ओठावर बोट ठेवलं. "हा दात. दादाचा दवाखाना नवा होता. पाटी लावून आठवडासुद्धा झाला नव्हता. माझा पुढचा दात ठणकत होता. म्हटलं, घरचा डॉक्टर, दुसरीकडे कशाला जायचं. त्याने काढला. भूल उतरली तर ठणका होता तिथेच. दुखत होता तो तोंडातच होता, आणि चांगला बशीत."

"अगं बाई!" वहिनी म्हणाली. "आपलेच दात नि आपलेच ओठ."

"मग दुखणारा?" धाकट्याने विचारलं.

"लांबच्या गावी बसने गेले, तोंडाला रुमाल बांधून. तिथल्या डॉक्टरने नस साफ करून दिली. त्याने विचारलं, शेजारचा कोणी काढला? मी म्हटलं, पडले." ती थोडं हसली. "दवाखाना नवा. बोलले असते तर पाटी उतरवावी लागली असती. आईने पाटीला हार घातला होता. म्हणून मग एक दिवस आई बाजारात गेल्यावर संत्रं नि सफरचंद चिरलं. माझी पहिली बरणी. आई परत आली, तिने पातेल्यात बघितलं, मला काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, जास्त दिवस ठेवायचा असेल तर साखर वाढव."

चिमणी म्हणाली, "आत्या, आणि ट्रम्पेट?"

ते कोणी बोलायला नको होतं. बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारी ती एकटीच बाई; बागेत कार्यक्रम असला की लोक तिच्यासाठी पुढच्या बाकांवर बसत. मग एकाएकी तिने सोडून दिलं. आवड संपली, असं ती सांगायची आणि सगळ्यांनी ते खरं मानलं होतं.

"ट्रम्पेट ओठांनी वाजवतात असं लोकांना वाटतं," ताई म्हणाली. "ओठांच्या मागे दात लागतात गं. दादाने खोटा बसवून दिला होता. पहिल्याच तालमीत मी श्वास भरला आणि तो उडाला तो थेट ढोलाच्या कातड्यावर. टण्ण झालं. सगळा बँड हसला. मीपण हसले. घरी आले नि मग हसले नाही." तिने मान वळवून दादाकडे पाहिलं. "त्याला बिचाऱ्याला काय माहीत. त्याला वाटत होतं, चांगला काढला. म्हणून तर मी बरणी मागे ठेवली. ज्याला माहीतच नाही त्याच्याशी कसं भांडायचं?"

"मला माहीत होतं," दादा म्हणाला.

कोणाला नीट ऐकू आलं नाही असं वाटून त्याने पुन्हा सांगितलं. "मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. एक्स-रेच्या कोपऱ्यात एक ठिपका असतो, बाजू ओळखायला. दवाखाना बंद करताना फिल्म पुन्हा दिव्याशी धरली. ठिपका उलट होता. म्हणजे मी उलटी धरून बघितली होती. डावा तो उजवा झाला." त्याने बशीतला चमचा उलटा करून ठेवला. "धावत घरी आलो. सांगायलाच आलो होतो. तू दारातच उभी होतीस, गाल सुजलेला, आणि म्हणालीस, दादा, हात हलका आहे हं तुझा. मग मी मूग गिळून बसलो. त्या दिवशी बसलो तो बसलोच."

ताई उठून उभी राहिली. इतकी वर्षं ती ज्या माणसावर रागावली होती, तो अजाण होता. त्याच्यावर दया करता करता रागावता येत होतं. या माणसाची आणि तिची ओळखच नव्हती.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. "आणि मी तुझ्या प्रत्येक वाढदिवसाला लोकांना सांगत होते, पहिल्या पेशंटचा मान माझा! तू शेजारी उभा राहून हसत होतास!"

"हसत नव्हतो. दात दाखवत होतो."

"दादा, लाज वाटत नाही तुला?"

हे शेवटचं वाक्य ताईचं नव्हतं. ते धाकट्याचं होतं. तो टेबलावर दोन्ही हात टेकवून उभा होता. "माझं एक कुलूप अडकलं तर गावासमोर माझा शब्द काढलास. आणि स्वतः? माझं कुलूप दुपारभर अडकलं होतं, दादा. तुझं तोंड अडकलं ते आज उघडलं!"

"तू मला सांगू नकोस! तुझ्या कुलपामुळे तो न्यायाधीश वर्षभर सूपच पीत होता!"

"दोन आठवडे! मी स्वतः त्याच्या घरी जाऊन विचारलं होतं!"

"तू गेला होतास? त्याच्या घरी?"

"मग काय! माझ्या कुलपामुळे झालं होतं ना!"

वहिनीने जावईबापूचा दंड घट्ट धरला. "बोलतायत," ती कुजबुजली. "सरळ एकमेकांशी."

हे दोघांच्याही एकदम लक्षात आलं. दादाने सवयीने ताईकडे पाहिलं, निरोप देण्यासाठी. ताईने मान फिरवली.

"मी नाही कोणाचे निरोप नेणार आता," ती म्हणाली. "तुमची बरणी माझ्या पलंगाखाली आहे, ट्रम्पेटच्या पेटीत. आणा नि खा."

*

पेटी धाकट्यानेच आणली. तिची खटकी अडकली होती, ती त्याने नखाने उघडली आणि मग सगळे एक पाऊल मागे सरले.

बरणीचं झाकण फुगून घुमटासारखं झालं होतं. कडेने काळपट पाक ओघळून मखमलीत उतरला होता. गुडघ्याने दाबल्याचा राग तिने सकाळभर काढला असावा.

"हात लावू नका!" जावईबापू किंचाळला, आणि त्याच्या आवाजात प्रथमच खरा अधिकार होता. "झाकण फुगलं म्हणजे आत बिघडलं. हुंगायचंसुद्धा नाही. ही सरळ फेकायची."

"न उघडता?" वहिनी म्हणाली. "पण मग नातं..."

सगळे पेचात पडले. खावी तर जीव जातो, फेकावी तर भाऊ जातो. चिमणी म्हणाली, नुसता चमचा बाहेरून लावला तर चालेल का. जावईबापू म्हणाला, नाही. धाकटा म्हणाला, मी खातो, जे व्हायचं ते होऊ दे. दादा म्हणाला, "गाढवा, तू नको, मी खातो." त्यावरून दोघांत पुन्हा जुंपली.

शेवटी ताईच बोलली. "आई गेल्यावरची बरणी ती. मीच घाईत केलेली. साखर कमी पडली होती, मला तेव्हाच ठाऊक होतं. तुमचं भांडणच नासलं आहे. नासलेलं फेकतात, त्याला आईचीही ना नसती."

धाकट्याने बरणी तीन पिशव्यांत बांधली आणि दादाने दार उघडून धरलं. दोघे मिळून ती टाकून आले. बाहेर काय बोलले ते घरात ऐकू आलं नाही, पण बराच वेळ बोलत होते.

परत आले तेव्हा ताई स्वयंपाकघरात होती. तिने माउथपीसवरचा पाक धुतला होता आणि तो ओठांना लावून हलकेच फुंकला होता. फुर्र असा फजितीचा आवाज आला. दादा दारात थांबला. त्याच्या हातात सफरचंद-संत्र्याची बरणी होती.

"माफ कर," तो म्हणाला. "मी त्या दिवशीच म्हणायला हवं होतं."

ताईने माउथपीस फडक्याने पुसला. "आता म्हणालास. मग?"

"नवा दात बसवून देतो. पक्का. हल्ली हाडात बसवतात, उडत नाही. वाजवता येतं."

"तुझ्या हातून?"

दादाने खाली पाहिलं. "लांबच्या गावचा तो डॉक्टर आहे अजून. मी घेऊन जातो तुला. बसने."

ताईने बैठकीकडे तोंड करून विचारलं, "जावईबापू, उघडलेला मुरंबा किती दिवस टिकतो?"

"फ्रिजमध्ये महिनाभर!" आतून आवाज आला. "त्यापुढे माझी जबाबदारी नाही!"

"ऐकलंस?" ताई म्हणाली. "बंद होता तोवर कितीही दिवस ठेवता आला. आता महिन्यात संपवायचा आहे. नाहीतर हाही नासायचा."

गोड पदार्थ दिसला की लोकांना प्रवचन देणारा दादा, मुलीच्या लग्नातही ज्याने मिठाईला बोट लावलं नव्हतं, तो स्टुलावर बसला. बरणी मांडीवर घेतली आणि खायला लागला. एक चमचा, दुसरा, तिसरा. घाईघाईने, चव न घेता, परीक्षेला बसल्यासारखा. पाक हनुवटीवर ओघळला, पांढऱ्या शर्टावर पडला. दारात वहिनी, धाकटा, चिमणी, जावईबापू, सगळे गोळा झाले. कोणी त्याला थांबवलं नाही. बरणी अर्धी झाली तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, तरी चमचा चालूच.

ताई बघत राहिली. मग तिने पुढे होऊन त्याच्या हातातला चमचा काढून घेतला.

"पुरे आता," ती म्हणाली. "दात किडतील."

आणि त्याच्या शेजारी दुसरं स्टूल ओढून उरलेला मुरंबा ती स्वतः खायला बसली.